कानडी राजम्मा, मराठी मैना : शांता हुबळीकरांच्या आवाजाचा हिशेब

बोरगाव : जुन्या गाण्यांचा नाद असलेला एक तरी म्हातारा प्रत्येक गल्लीत असतोच. आमच्या चहाच्या टपरीवरही एक आहेत. परवा सकाळी त्यांच्या मोबाइलवर ‘माणूस’ सिनेमातलं गाणं लागलं होतं. उद्याची चिंता आज कशाला करायची, असं विचारणारं. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोरानं विचारलं, ‘‘आजोबा, कुठली हो ही बाई? पुण्याची?’’ आजोबा म्हणाले, ‘‘हुबळीची. घरची बोली कानडी.’’ पोराला पटेना. एवढं मराठी गाणं कानडी बाईनं म्हटलं कसं, हा त्याचा प्रश्न.

प्रश्न चांगला आहे. पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. ऐंशी वर्षांहून जास्त काळ ज्या आवाजानं लोकांना ‘उद्याचं उद्या बघू’ असं सांगितलं, त्या आवाजाच्या मालकिणीचं स्वतःचं ‘उद्या’ कसं गेलं? शांता हुबळीकर यांना म्हातारपणी वृद्धाश्रमात राहावं लागलं. गाणं चालू राहिलं आणि गाणारी मागे पडली, हे कसं होतं? आज आपल्या भागातल्या ऑर्केस्ट्रात, बँजो पार्टीत, यूट्यूबच्या गाण्यात काम करणाऱ्या पोरापोरींनीही हे समजून घ्यायला हवं. म्हणून हा लेख.

सीमा नव्हती तेव्हाचा सीमाभाग

शांताबाईंचं मूळ नाव राजम्मा. जन्म १४ एप्रिल १९१४ चा, हुबळीजवळच्या अदरगुंची गावातला. आईवडील लहानपणीच गेले. पुढे ‘शांता’ हे नाव आणि ‘हुबळीकर’ हे गावावरून पडलेलं आडनाव, याच ओळखीनं त्या सिनेमात आल्या.

आज आपण हुबळी म्हटलं की ‘तिकडची’ आणि कोल्हापूर म्हटलं की ‘इकडचं’ असं बोलतो. तेव्हा तसं नव्हतं. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे चारही जिल्हे मुंबई इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्याआधी मिरज-बेळगाव-हुबळी रेल्वेनं माणसं, माल आणि नाटक कंपन्या सारख्याच येत-जात होत्या. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं, तिथून मराठी संगीत नाटकाचा सुवर्णकाळ सुरू झाला.

गाण्याचंही तेच. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब, कुंदगोळला त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, हुबळीत गंगूबाई हनगल. गंगूबाई कानडी, पण त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत मराठी गाणी आहेत. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या अमीरबाई कर्नाटकी मुंबईत जाऊन हिंदी सिनेमाच्या आघाडीच्या गायिका झाल्या. लीला चिटणीस धारवाडच्या. शेजारच्या खडकलाटच्या सुलोचनादीदी तर आपल्या घरच्याच. सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली पुढे कुमार गंधर्व झाला.

म्हणजे हुबळीची मुलगी मराठीत गायली, यात त्या काळच्या लोकांना नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. नवल आपल्याला वाटतं, कारण आपण सीमा झाल्यानंतर जन्मलो.

गाता गळा असेल तरच नायिका

राजम्मासारख्या मुलीला सिनेमाचं दार उघडलं ते गळ्यामुळे. त्यामागे तांत्रिक कारण होतं, ते नीट समजून घेऊ.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि हिंदुस्थानात बोलपट सुरू झाला. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्या वेळी आवाज आणि चित्र एकाच वेळी टिपलं जायचं. नटीनं कॅमेऱ्यासमोर उभं राहून, हावभाव करत, तिथल्या तिथे गायचं. पेटी, तबला, सारंगीवाले कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे पडद्याआड नाहीतर झाडाआड बसायचे. मायक्रोफोनपासून लांब गेलं की आवाज पडायचा. कुणी शिंकलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

अशा कामाला दिसायला बरी, एवढ्यानं भागत नव्हतं. सूर पक्का हवा, शब्द स्पष्ट हवेत, अंगात ठेका हवा आणि न चुकता सलग गाता यायला हवं. हे सगळं एका ठिकाणी मिळायचं ते नाटक कंपन्यांत आणि गाणाऱ्या बायकांच्या घराण्यांत. म्हणून सिनेमाच्या पहिल्या दशकातल्या बहुतेक मोठ्या नट्या गायिकाच होत्या. शांता आपटे घ्या, अमीरबाई घ्या, शांता हुबळीकर घ्या. शांताबाईही नाटकाच्या वाटेनंच सिनेमात पोहोचल्या.

१९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं ‘धूपछाँव’ या सिनेमात गाणं आधी ध्वनिमुद्रित करून, नंतर त्यावर ओठ हलवण्याची पद्धत वापरली. हेच पार्श्वगायन. पण एका दिवसात सगळं बदललं नाही. पुढची काही वर्षं नट-नट्या स्वतःच्या आवाजातच गात राहिल्या. शांताबाईंचा उमेदीचा काळ नेमका या मधल्या वर्षांतला.

प्रभात आणि ‘माणूस’

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. आज पुण्यात जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तीच ती जागा. शांताबाईंनी प्रभातमध्ये आधी ‘माझा मुलगा’ केला. साल १९३८, दिग्दर्शक के. नारायण काळे, समोर शाहू मोडक. पण नाव झालं ते पुढच्या वर्षीच्या ‘माणूस’मुळे.

‘माणूस’ १९३९ चा, व्ही. शांतारामांचा. हिंदीत तोच ‘आदमी’. शाहू मोडकांचा गणपत हा साधा पोलीस शिपाई आणि शांताबाईंची मैना ही कोठ्यावर गाणारी, नाचणारी वेश्या. गणपत तिला धाडीतून वाचवतो, दोघांचा जीव जडतो. तो तिला सन्मानानं घरी, आईसमोर न्यायला बघतो. पण त्या घरात आपण शोभणार नाही, ही भीती मैनेच्या मनातून जात नाही. शेवटी तिच्या हातून तिचा पिच्छा पुरवणाऱ्या मामाचा खून होतो आणि ती तुरुंगात जाते. त्या काळात ‘देवदास’ची हवा होती. प्रेम मोडलं की दारू पिऊन मरायचं, अशी. ‘माणूस’नं त्याला उलट उत्तर दिलं. प्रेमाबाहेरही जगणं आहे आणि ते जगायला हवं, असं हा सिनेमा सांगतो.

यातलंच ते गाणं. शब्द अनंत काणेकरांचे, चाल मास्टर कृष्णरावांची. मैनेच्या कोठ्यावर निरनिराळ्या प्रांतांतली माणसं येतात, म्हणून गाण्यातही निरनिराळ्या भाषांतली कडवी येतात. भाषा बदलली की चालीचा ढंग बदलतो, तिचा नखराही बदलतो. एका गाण्यात गायिका, नर्तकी आणि नटी अशी तिन्ही कामं आहेत आणि तिन्ही एकाच बाईनं केली आहेत.

इथे शांताबाईंचं हुबळीपण कामाला आलं असणार, असं माझं मत. आपल्या भागातल्या माणसाला हे चटकन कळेल. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी, अशी जीभ वळवायची सवय आपल्याला लहानपणापासून लागते. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही आवृत्त्यांत त्याच होत्या आणि १९४२ मध्ये गुब्बी वीरण्णांच्या ‘जीवन नाटक’ या कन्नड सिनेमातही त्यांनी काम केलं. त्याच सुमारास विश्राम बेडेकरांचा ‘पहिला पाळणा’ही आला. तीन भाषांत पडद्यावर काम केलेली ही नटी होती.

मग पैसा कुठे गेला?

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे माझं लक्ष आपोआप हिशेबाकडे जातं. एखाद्या गाण्यातून पैसा येण्याच्या वाटा किती? तिकीटबारी एक, ध्वनिमुद्रिका दुसरी, रेडिओ तिसरी. पुढे कॅसेट, टीव्ही, सीडी आणि आता यूट्यूब. ‘माणूस’चं गाणं यातल्या प्रत्येक वाटेनं गेलं. गाणाऱ्या बाईला मिळालं काय? तर त्या वेळचा पगार.

स्टुडिओच्या काळात कलाकार नोकरीवर असत. करार करायचा, महिन्याचा पगार घ्यायचा आणि कंपनी सांगेल ते काम करायचं. यात चांगली बाजू होती. काम असो-नसो पगार मिळायचा, तालीम मिळायची, चांगले संगीतकार भेटायचे. पण पगार घेतला की केलेलं काम कंपनीचं झालं. सिनेमा पन्नास आठवडे चालला काय आणि पन्नास वर्षं चालला काय, कलाकाराच्या पगारपत्रकात फरक पडत नव्हता. आपल्याकडे वखारीत तंबाखूचं काम करणाऱ्या बाईला हजेरी मिळते. त्या मालाच्या विक्रीतला वाटा कुणी देतं का? तसाच हा प्रकार.

याबद्दल त्या काळीही कुरबुर होती. प्रभातचीच दुसरी मोठी गायिका-नटी शांता आपटे १९३९ सालीच करार आणि पगाराच्या वादावरून स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसली होती. एका नटीनं असं करणं तेव्हा केवढी खळबळ उडवून गेलं असेल, कल्पना करा. पुढच्या वर्षी तिनं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं आणि या धंद्याची आतली बाजू सांगितली.

पार्श्वगायन रुळल्यावर गाणारी आणि नाचणारी वेगळ्या झाल्या. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’त नाचल्या जयश्री गडकर आणि ‘बुगडी’च्या लावणीला आवाज दिला आशा भोसल्यांनी. जयश्रीबाई कारवार भागातल्या, म्हणजे त्याही आपल्याच पट्ट्यातल्या. हा सिनेमा पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. कामाची वाटणी झाल्यामुळे दोघींचीही कला वाढली, हे खरं. पण शांता हुबळीकरांसारख्या ‘सगळं एकटीनं’ करणाऱ्या नट्यांची गरज संपली. ज्या गळ्यामुळे दार उघडलं होतं, त्या गळ्याला नायिकेच्या कामात किंमत उरली नाही.

गायिकांची स्थिती तरी फार चांगली होती असंही नाही. १९४९ च्या ‘महल’मधल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून पात्राचं नाव होतं, ‘कामिनी’. पुढे गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून लताबाईंनी आग्रह धरला. महंमद रफींचं मत वेगळं पडलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. लताबाईंचं नाव एवढं मोठं, तरी त्यांना भांडावं लागलं. १९३९ मधल्या पगारी नटीनं कुणाकडे मागायचं?

कायदा आला, पण केव्हा?

आता कायद्याचं बघू. स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात गीतकार, संगीतकार आणि निर्माता यांचे हक्क होते. गायक किंवा नट यांचा वेगळा हक्क नव्हता. त्यातही निर्मात्यानं पैसे देऊन करून घेतलेल्या कामाचा पहिला मालक निर्माता, असं १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं.

कलाकाराचा स्वतःचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीनं. सध्या त्याची मुदत ५० वर्षं आहे. तरीही सिनेमात काम करायला एकदा होकार दिला की त्या कामावरचा हक्क संपत होता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापर झाल्यास कलाकाराला रॉयल्टी मिळायला हवी, असं कायद्यात लिहिलं गेलं.

आता तारखा जोडून बघा. शांता हुबळीकरांचं निधन १७ जुलै १९९२ ला झालं. कायदा त्यानंतर दोन वर्षांनी बदलला. आजचा ५० वर्षांचा नियम मागे नेऊन लावला, तरी १९३९ च्या गाण्याची मुदत १९८९ ला संपते. कुठल्याही बाजूनं मांडला तरी त्यांच्या खात्यावर हिशेब शून्यच येतो.

शेवटची वर्षं

लग्नानंतर आणि सिनेमातला काळ सरल्यानंतर शांताबाई हळूहळू लोकांच्या नजरेआड गेल्या. उतारवयात घर सोडून त्यांना वृद्धाश्रमात राहावं लागलं. गाजलेल्या सिनेमाची नायिका तिथे राहते, हे लोकांना कळलं तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. घरात काय झालं, कुणाचं चुकलं, यात इथे शिरायचं नाही. त्यांनी स्वतः आत्मचरित्र लिहून आपली बाजू मांडली. १९९० मध्ये आलेल्या त्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं ते त्या गाण्याचंच, ‘कशाला उद्याची बात’.

पडद्यावर मैनेनं ते शब्द बेफिकिरीनं म्हटले होते. पंचविशीत म्हटलेले तेच शब्द पंचाहत्तरीत पुस्तकावर घालताना त्यांना काय वाटलं असेल, ते पुस्तक वाचणाऱ्यानं आपापलं ठरवावं. एक मात्र नोंदवायला हवं. शांता आपटे, ‘सांगत्ये ऐका’ म्हणत आपली कहाणी सांगणाऱ्या हंसा वाडकर आणि शांता हुबळीकर, तिघी आपल्या काळाच्या मोठ्या नट्या. तिघींचीही पुढे पुस्तकं आली. पडद्यावर दुसऱ्यानं लिहिलेलं बोलायचं असतं. स्वतःचं सांगायचं तर पुस्तकच काढावं लागलं.

आपल्या पोरापोरींसाठी

हे सगळं जुनं झालं, आज काय त्याचं, असं कुणी म्हणेल. आज आपल्या निपाणी-चिकोडी भागात, पलीकडे इचलकरंजी-कागलपर्यंत, यात्रा आणि वरातींचा हंगाम आला की शेकडो पोरं गातात, नाचतात, वाजवतात. रात्रीचे पैसे हातावर घेतात आणि घरी येतात. कार्यक्रमाचा व्हिडिओ मात्र कुणाच्या तरी चॅनलवर चढतो आणि वर्षानुवर्षं फिरत राहतो. स्टुडिओच्या काळात निदान पगाराचा करार तरी असायचा. इथे तोही नाही.

म्हणून चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली, कागद करा. पैसे फक्त कार्यक्रमाचे की व्हिडिओचेही, चॅनलच्या कमाईत वाटा आहे की नाही, हे सही करून घ्या. व्हॉट्सअॅपवर लिहून घेतलेलं असलं तरी काहीच नसण्यापेक्षा बरं.

दुसरी, नाव घाला. व्हिडिओखाली गायक, वादक, नर्तक यांची नावं लिहायला पैसा लागत नाही. पुढे हक्क सांगायचा झाला तर सुरुवात नावापासूनच होते.

तिसरी, पैसे शक्यतो खात्यावर घ्या. कमाईचा पुरावा राहतो. असंघटित कामगार म्हणून ई-श्रम नोंदणी करता येते. १८ ते ४० वयाचे असाल आणि आयकर भरत नसाल, तर अटल पेन्शन योजनेत थोडी रक्कम टाका. साठीनंतर महिन्याला कमाल पाच हजार मिळतात. रक्कम फार नाही, पण हुकमी आहे.

चौथी, कात्रणं जपा. वयस्कर कलावंतांसाठी कर्नाटकात कन्नड आणि संस्कृती खात्याकडून मासाशन आहे, महाराष्ट्रातही मानधन योजना आहे. आपण मराठीत गात असलो तरी राहतो कर्नाटकात, तेव्हा अर्ज इथल्याच खात्याकडे करायचा. अशा वेळी आयुष्यभर काम केलं हे कागदावर दाखवावं लागतं. पत्रकं, प्रमाणपत्रं, फोटो एका पिशवीत घालून ठेवा. गाव ओळखतं म्हणून चालत नाही.

टपरीवर परत

टपरीवरच्या पोराला मी यातलं थोडंसंच सांगितलं. त्यानं आजोबांच्या मोबाइलवर चालू असलेल्या व्हिडिओखाली काय लिहिलंय ते बघितलं. सिनेमाचं नाव होतं, साल होतं, नायकाचं नाव होतं. गाणारीचं नाव शोधायला त्याला बरंच खाली जावं लागलं. तो स्वतः एका बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. चहाचे पैसे देता देता म्हणाला, ‘‘आमच्या पार्टीच्या व्हिडिओत तर कुणाचंच नाव नाही. आज मालकाला सांगतो.’’

आजोबांनी तोपर्यंत गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं होतं.